मावशींची ती सुखाची दोन वर्षं

सोनलचा फोन आला तेव्हा हर्नडनच्या आमच्या ऑफिसात पाच जण मिळून एका बटणाचा रंग हिरवा ठेवायचा की निळा यावर पाऊण तास बोलत होतो. सोनल कामाच्या दिवशी सकाळी फोन करत नाही. ती मेसेज टाकते, तोही इंग्रजीत आणि तीन शब्दांचा. मी उठून कॉरिडॉरमध्ये आले. "प्रज्ञा, मॉम गेली," ती म्हणाली. तिच्या मॉमचा, म्हणजे माझ्या मावशींचा, नाश्ता झाला, चहाचा कप सिंकमध्ये ठेवला, खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि तिथेच गेल्या. निर्मलामावशी पंचाहत्तरीच्या होत्या. त्यांच्या हातात त्या वेळी सुईदोरा नव्हता, याचंच मला नवल वाटलं. इतकी वर्षं ओळखते मी त्यांना, पण रिकाम्या हाताने बसलेल्या कधी पाहिल्याचं आठवत नाही.

तसं आमचं नातं घरमालकीण आणि भाडेकरूचं. शिकागोत मास्टर्स संपवून मला एका एजन्सीत सोशल मीडियाची नोकरी लागली, आणि नागपूरच्या ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की डेव्हन ॲव्हेन्यूपासून दोन गल्ल्या सोडून आपल्याच एका बाईंच्या घरी वरची खोली रिकामी आहे. मी बॅगा घेऊन दारात उभी राहिले. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुझा डावा खांदा उतरता आहे, माहीत आहे न?" पंचवीस वर्षांत ही गोष्ट माझ्या आईच्याही लक्षात आली नव्हती. मावशी ब्लाउज शिवायच्या. डेव्हनवरच्या सहा साडीच्या दुकानांचं काम त्यांच्याकडे यायचं. बेसमेंटमध्ये त्यांचं मशीन, त्याच्यावर मोठ्या आवाजात रेडिओ, आणि भिंतीला सहा खिळ्यांवर सहा दुकानांच्या सहा पिशव्या. यजमान फार पूर्वी गेले होते. मुलगी सोनल अकाउंटंट, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि रविवारी यायची. बाकी सगळे दिवस घरात आम्ही दोघीच.

माझं काम काय आहे, हे त्यांना समजावून सांगायला मला दोन आठवडे लागले. एजन्सीत माझ्याकडे आठ गिऱ्हाइकं होती. एक गाद्या विकणारे, एक कुत्र्यांचं खाणं बनवणारे, एक दातांचे डॉक्टर, एक मिठाईवाले, असे आठ जण. त्यांच्या नावाने रोज फोटो टाकायचे, दोन ओळी लिहायच्या, लोकांनी काही विचारलं की उत्तर द्यायचं. म्हणजे दिवसभर आठ जणांच्या वतीने "आम्ही" म्हणायचं. "आम्ही आपल्या पाठीची काळजी घेतो," हे गादीवाल्यांचं "आम्ही" मीच, आणि "आमची बिस्किटं तुमच्या टॉमीला आवडतील," हेही मीच. मावशी ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे माझंच काम करून राहिली तू. मी पण सहा जणांसाठी शिवते, नाव दुकानाचं लागते." त्यानंतर त्यांनी मला कधीही परत विचारलं नाही की ही कसली नोकरी. मी मात्र एकदा त्यांच्या ब्लाउजांचं पेज काढून द्यायची तयारी दाखवली, तर म्हणाल्या, अजून गिऱ्हाइकं आली तर मी जेवू कधी?

आणि मग जिलेबीचं प्रकरण झालं. या धंद्यात ही चूक प्रत्येकाच्या हातून एकदा तरी होते. माझ्या हातून झाली ती एका शुक्रवारी दुपारी, सँडविच खाता खाता. मिठाईवाल्यांसाठी मी गरम जिलेब्यांचा एक झकास फोटो तयार ठेवला होता, खाली लिहिलं होतं, "एकीवर कुणाचं भागलंय? अजून एक घ्या." फोनवर अकाउंट बदलायचं राहिलं आणि तो फोटो गेला दातांच्या डॉक्टरांच्या पेजवर. माझ्या लक्षात आलं तोपर्यंत पाऊण तास झाला होता, आणि त्या पेजवर आजवर कधी आल्या नव्हत्या एवढ्या लोकांच्या प्रतिक्रिया आल्या होत्या. एकाने लिहिलं होतं की एवढा प्रामाणिक डेंटिस्ट आपण पाहिला नाही. डॉक्टरांना ते इतकं आवडलं की फोटो काढू नका म्हणाले. माझी बॉस मात्र हसली नाही. मी घरी येऊन रडकुंडीला येत मावशींना सांगितलं, तर त्या मशीन थांबवून पोट धरून हसल्या, डोळ्यांतलं पाणी मोजपट्टीच्या टोकाने पुसलं, आणि मग एका पिशवीतला ब्लाउज काढून उलटा केला. डाव्या शिवणीत, आतल्या बाजूला, लाल दोऱ्याचा एकच टाका होता. दुसऱ्या पिशवीतल्या ब्लाउजात हिरवा. तिसऱ्यात पिवळा. प्रत्येक दुकानाचा रंग ठरलेला, पहिला टाका त्याच रंगाचा, मग बाकीचं शिवण. "आधी दोरा पाहायचा, मंग कापडाला हात लावायचा," त्या म्हणाल्या. सोमवारी मी आठही गिऱ्हाइकांना एकेक रंग दिला आणि पोस्ट टाकायच्या आधी रंग बघायची सवय लावली. पुढच्या तीन वर्षांत माझी एकही पोस्ट चुकीच्या दारात गेली नाही. एजन्सीतल्या नव्या लोकांना ही युक्ती मी शिकवायचे, तेव्हा त्यांना वाटायचं मी कुठल्याशा कोर्समधून आणली आहे.

एजन्सीत मला मजा यायची, हे खोटं कशाला बोलू. सकाळी गाद्या, दुपारी दात, संध्याकाळी लाडू. जेवढं मी त्या तीन वर्षांत शिकले तेवढं कॉलेजात शिकले नाही. पण फोन ताटाशेजारी ठेवून जेवायची सवय लागली होती. रविवारी कुणाच्या तरी कुत्र्याचं पोट बिघडायचं आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागायचं. केस गळायला लागले. अशातच शिकागोपासून विमानाने दोन तासांवरच्या हर्नडनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने विचारलं, आमच्याकडे येतेस का? दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर, एकच कंपनी, एकच "आम्ही". सोनल म्हणाली, "टेक इट यार, एजन्सी विल ईट यू अलाइव्ह." एजन्सीतल्या मैत्रिणी म्हणाल्या, इन-हाउस, म्हणजे एकाच कंपनीत, गेलीस की वर्षभर एकाच निळ्या रंगात पोस्टर करत बसशील. मी कागदावर दोन रकाने पाडले आणि दोन्हीकडे सारखंच वजन भरलं. कागदावर न लिहिलेलं कारण वेगळंच होतं. मावशी त्या हिवाळ्यात पायरीवरून घसरल्या होत्या. पिशव्या दुकानांत पोचवायचं काम तेव्हापासून माझ्याकडे होतं. मी गेले तर या बाईचं कोण करणार?

हे मी त्यांना एका रविवारी सकाळी पोहे खाताना सांगून टाकलं. म्हटलं, मावशी, मी नाही म्हणून कळवते आहे. तुम्हाला एकटं टाकून जाण्यासारखी ती नोकरी नाही. मावशींनी पोह्यांवर लिंबू पिळलं, बी काढून बशीच्या कडेला ठेवलं आणि जी गोष्ट आजवर कधी सांगितली नव्हती ती सांगायला लागल्या. सोनल लहान असताना डेव्हनवरच्या एका दुकानदाराने त्यांना म्हटलं होतं, घरी कशाला शिवता, आमच्याच दुकानात येऊन बसा. त्या गेल्या. "पहिले चार महिने माझा जीव रमला नाही. वाटलं, काहून आली मी इथे? पण चार महिने थांबली. मंग बायका नाव घेऊन विचारायला लागल्या, निर्मलाताई आहेत का म्हणून. सहा दुकानांत मला नुसती मापं माहीत होती, तिथे माणसं माहीत झाली. दोन वर्षं होती मी. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची दोन वर्षं, पोरी." मग सोडलं का, असं मी विचारलं. सोनलची शाळा, घरी कुणीतरी हवं होतं, म्हणाल्या. "तू जाय. चार महिने मात्र थांबजो. त्याच्या आधी काही ठरवू नको." आणि पिशव्यांचं काय, असं मी म्हणायच्या आत त्यांनी सांगितलं की वरच्या खोलीसाठी एक मुलगी विचारून गेली आहे.

मी गेले. हर्नडनचे पहिले दिवस मी सांगते तुम्हाला... माझी एक ओळ वकिलांकडे जायची आणि अकरा दिवसांनी परत यायची, तीही अर्धी खोडून. मला जिलेबीची आठवण यायची. तिसऱ्या महिन्यात मी एजन्सीला परत येऊ का म्हणून मेल लिहून ठेवला होता. पाठवला नाही, कारण मावशी चार महिने थांबल्या होत्या. मग चौथा महिना उलटला आणि एक दिवस कुठल्याशा दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टने आमच्या पेजवर लिहिलं की म्हाताऱ्या पेशंटना तुमच्या स्क्रीनवरची अक्षरं दिसत नाहीत. एजन्सीत असते तर "आपली सूचना आम्ही पुढे कळवली आहे" असं लिहून मोकळी झाले असते. इथे मी उठले, कॉरिडॉरच्या टोकाला बसणाऱ्या इंजिनिअरकडे गेले, त्याच्या खुर्चीशेजारी उभी राहिले आणि दुपारपर्यंत अक्षरं मोठी झाली. त्या बाईंना उत्तर लिहिताना "आम्ही" हा शब्द मी पहिल्यांदा मनापासून लिहिला. घरी येऊन मावशींना फोन केला आणि म्हटलं, तुमचं बरोबर होतं. त्या म्हणाल्या, मी सांगून राहिली होती न.

फोन दर रविवारी व्हायचा. त्यात अर्धा वेळ कविता असायची. कविता म्हणजे माझ्या खोलीतली नवी मुलगी, नाशिकची. कविता पिशव्या वेळेवर पोचवते, कविता दिवे मालवते, कविता आंघोळीला अर्धा तास लावत नाही. एकदा तर म्हणाल्या, भाजी काय करते ती, तुझ्यापेक्षा बरी. मला मनातून फार राग यायचा या मुलीचा. शिकागोला जायचं ठरलं की काहीतरी निघायचं आणि ते राहून जायचं. मीही फार जोर लावला नाही. मावशींचं छान चाललंय, आपली जागा भरली आहे, या समजुतीने माझा जीव निवांत होता.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे मावशींच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, मी गेले. दिवाणखान्यात बुद्धवंदना झाली, डेव्हनच्या दुकानांतल्या बायका आल्या होत्या, त्यांच्यातल्या निम्म्या मावशींनी शिवलेला ब्लाउज घालून. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी ती दोन वर्षांची गोष्ट सांगितली, चार महिने थांबण्याची, आणि त्यामुळे मी आज जिथे आहे तिथे कशी आहे त्याची. पाहुणे पांगल्यावर सोनल माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "व्हॉट टू इयर्स?" म्हणाली. "इट वॉज थ्री वीक्स, प्रज्ञा. त्या माणसाने तिला रेडिओ बंद करायला सांगितला. शी केम होम, आणि परत त्या दुकानाच्या दारातून आत गेली नाही. शी हेटेड इट." तीन आठवडे. ज्या बाईला तीन आठवड्यांपुढे धीर निघाला नाही, तिच्या शब्दावर मी चार महिने काढले होते. आधी मला हसू आलं, आणि ते आवरेना, सोनललाही आवरेना. आत भांडी लावणाऱ्या बायका बाहेर डोकावून गेल्या.

हसू ओसरल्यावर मी म्हटलं, कविता आली नाही का आज? तिला भेटायचं होतं मला. सोनलने डोळे पुसले आणि विचारलं, "कोण कविता?"

आम्ही दोघी वर गेलो. खोली मी सोडून गेले तशीच होती. धुतलेली चादर, खिडकीवर माझाच तो पडदा. सोनल म्हणाली की मॉमने तू गेल्यावर ही खोली कुणालाच दिली नाही. पिशव्या दुकानवाले स्वतः येऊन न्यायचे. दर रविवारी माझा फोन झाला की त्या वर येऊन थोडा वेळ बसायच्या, हे सोनलने कितीदा तरी पाहिलं होतं. मी पलंगावर बसून खूप रडले. माझ्यासाठी एवढं खोटं आजवर कुणी बोललं नव्हतं... आठवड्यामागून आठवडे, भाजीचा तपशील देऊन. नंतर रडता रडता पुन्हा हसायला लागले, आणि आता हे लिहितानाही तेच चाललं आहे. मावशींचं सगळं मला मान्य आहे. फक्त कविताची भाजी माझ्यापेक्षा बरी होती, हे मला अजून पटत नाही.