तारप्याकडे तोंड करून

सांस्कृतिक केंद्रात आमच्या वारली पाड्यांवरचे लघुपट दाखवत होते. मी आईला सोबत नेलं होतं. तिथं तिला परकं वाटेल, एवढीच धास्ती होती. पडद्यावरच्या अंगणात तारपा वाजत होता, भोवती नाच चालला होता. गाडी गाठायची म्हणून आम्ही मधेच उठलो, तर आई उलट्या पावलांनी दाराकडे निघाली. कुणीतरी हसलं.

"आई, सरळ चाल ना, पडशील."

"तारपा वाजतोय गं. पाठ कशी दाखवू?"

आमच्यात नाचताना तारप्याला पाठ दाखवत नाहीत. पण हा तर भिंतीवरचा उजेड. की सूर ऐकू आला, म्हणजे तो समोरच असतो? मी तिचा हात धरला आणि वळले. दारापर्यंत ते अंगण आमच्यासमोरच राहिलं.