वादीतले चार रिकामे पिंजरे

हिवाळ्यात दोनदा पाऊस झाला की इथे अमिरातीच्या डोंगरातल्या वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या पात्रात, काही आठवडे पाणी साचून राहते. त्या पाण्यावर खोकडे येतात. त्यांना पिंजऱ्यात धरून गळ्यात रेडिओ-पट्टा बांधायचा आणि सोडून द्यायचे, हे आमच्या पर्यावरण सल्लागार कंपनीने माझ्याकडे सोपवलेले काम. पाणी आटले की खोकडे पांगतात.

नऊ दिवस चारही पिंजरे रिकामे होते. आत आमिष म्हणून ठेवलेली तारली मासळी शाबूत. ओल्या वाळूतले ठसे पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर येत आणि तिथूनच वळत. एका पिंजऱ्यापाशी असे घडते, तर मी योगायोग मानला असता. चारही ठिकाणी घडल्यावर यात माणसाचा हात असल्याची माझी खात्री झाली.

तिथे माझ्याशिवाय माणूस एकच होता: आमचे ड्रायव्हर. वसईचे, पन्नाशीचे, अबू धाबीच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये वीस वर्षे काढून आमच्याकडे आलेले. मी त्यांना अंकल म्हणत असे. रोज मावळतीला ते म्हणत, "तुम्ही गाडीत बसा मॅडम, मी एक राउंड मारून येतो." परतत तेव्हा बाह्या कोपरापर्यंत ओल्या असत.

"बाह्या कशा भिजल्या?"

"पाण्यापाशीच काम, भिजणारच की."

हे उत्तर नव्हते. शिवाय खोकडांविषयी ते हळहळत: "बिचाऱ्याच्या गळ्यात पट्टा! आपल्याला आयडी कार्ड अडकवलंय ते कमी आहे का?"

त्यांच्या व्हिसाचे नूतनीकरण त्याच आठवड्यात होते आणि कंपनीच्या साहेबांनी माझे मत मागितले होते. मी लिहिले: हेतुपुरस्सर अडथळ्याची शंका; नूतनीकरण करू नये. उत्तर आले: उद्या दुपारी कागद थांबवतो, पुरावा ठेव. म्हणून खोकडांसाठी आणलेला एक कॅमेरा मी दगडांच्या सांदीत, माणसाच्या उंचीवर रोखून लपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसून चित्रण पाहिले. अंकल डब्याच्या पिशवीतून स्पंज आणि लिंबाच्या वासाचा भांड्यांचा साबण काढतात. पिंजरा सळई-सळईने घासतात, पाण्याने विसळतात, नॅपकिनने कोरडा करतात. मग तारली पुन्हा नीट मधोमध ठेवतात.

मी त्यांना हाक मारली आणि स्क्रीन पुढे केली.

"मग? वास मारत होते, मॅडम. खरकट्या भांड्यात दुसरा माल ठेवला तर आमचा शेफ हातातला डाव फेकून मारायचा."

"अंकल, साबणाच्या वासाला खोकड जवळ येत नाही."

"हे कधी सांगितलंत?"

सांगितले नव्हते. पिंजरे कसे लावायचे ते दाखवले होते. काय करू नये, ते मी गृहीत धरले होते.

"आणि हा कॅमेरा एवढ्या उंचावर? खोकड काय दोन पायांवर चालतं?"

"तुमच्यासाठी लावला होता. साहेबांनाही कळवलंय. तुमच्याविरुद्ध."

"व्हिसाचं?"

मी होकारार्थी मान हलवली. वादीत सिग्नल नव्हता. मी कड चढून वर गेले आणि साहेबांना फोन केला: चूक माझी, सूचना मी दिल्या नव्हत्या, कागद थांबवू नका. "नक्की ना? काल तर खात्री होती तुझी," साहेब म्हणाले. मी नक्की म्हटले. कागद दुपारी पुढे गेले.

खाली उतरले तेव्हा अंकल तोंड वाकडे करून पिंजऱ्याच्या सळयांना तारलीचे तेल चोळत होते. मी मदतीला बसले. त्यांनी पिंजरा स्वतःकडे ओढला.

"राहू द्या मॅडम. मी काय करतो ते तुम्ही कॅमेऱ्यातच बघा."