पारवा घुमेपर्यंत

पक्ष्यांचा मला लळा नाही. कबुतर, म्हणजे आमच्याकडचा पारवा, तर मुळीच आवडत नाही. तो घाण करतो आणि केल्यावर विचारात पडल्यासारखा बसून राहतो. तरीही बाहत्तरच्या दुष्काळात मी पारव्याचे एक पिल्लू वाढवले. ते फेकून द्या असे चेअरमनांनी सांगितले, एवढेच त्याचे कारण.

कळंब तालुक्यातल्या एका गावी मी सोसायटीचा सचिव होतो. गाव सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले. कचेरीत मी, शिपाई आणि दुपारी झोपायला येणारे चेअरमन. लागूनच गोदाम, आणि गोदामात रेशनचा मिलो. हा ज्वारीसारखा तांबडा परदेशी दाणा. त्याची भाकरी थापताना बायका सरकारच्या सात पिढ्यांची आठवण काढत.

घर ओस पडले की तिथे पारवे घुमतात, असे आमच्याकडे म्हणतात. चेअरमनांचा विश्वास उलट बाजूने होता: पारवा घुमला की घर ओस पडते. संस्थेवर ही वेळ येऊ नये म्हणून त्यांनी गोदामाच्या आढ्यावरची घरटी काढवली. थोरले पारवे उडून गेले. एक पिल्लू मिलोच्या पोत्यावर पडले. अंगावर विरळ पिवळे केस, डोळे फुगलेले, चोच तोंडाला न शोभणारी. आमच्या जिल्ह्यात इतका कुरूप जीव मी त्यापूर्वी निवडणुकीच्या व्यासपीठावरच पाहिला होता.

"टाका भाईर," चेअरमन म्हणाले.

बाहेर गोदामाचा बोका बसला होता. त्याला विषय आधीच समजला होता.

"हे अजून घुमत नाही," मी म्हणालो. "नुसते चिरकते. चिरकण्याने संस्था ओस पडल्याचे ऐकिवात नाही."

चेअरमनांनी विचार केला. "बरं. पर घुमंल त्या दिवशी भाईर. मग त्याला उडाया येऊ दे न्हाय तर न येऊ दे."

असा करार ठरला. घुमण्याआधी त्याला उडता आले पाहिजे. नाही तर बोका.

प्रश्न चारण्याचा होता. शिपायाने त्याची चोच उघडून, चिमणीच्या पिल्लाला घालावेत तसे दाणे घातले. त्याने ते थुंकले.

"उपास धरलाय का काय ह्यानं?" शिपाई म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्याची मान लटकू लागली. पोत्यातून सांडलेला मिलो मी भिजवला होता, तो मुठीत तसाच धरून मी त्याच्याकडे पाहत होतो. त्याने एकाएकी माझ्या दोन बोटांच्या फटीत चोच खुपसली आणि अंग थरथरवत खायला सुरुवात केली. पारव्याचे पिल्लू तोंड वासून मागत नाही. आईबापाच्या घशात तोंड घालून घेते. माझी मूठ त्याला घसा वाटली असावी.

"त्याला तुमी आई वाटताव, सायेब," शिपाई म्हणाला.

मी त्याला पाणी आणायला पाठवले. पाण्याची विहीर बरीच दूर होती.

गळ्याखालची पिशवी टम्म होईपर्यंत ते खाई. गावात मिलो आवडीने खाणारे ते एकटेच. रात्री कचेरीत बोक्याचे राज्य असल्याने मी त्याला टोपलीत घालून घरी नेई. पहिल्या दिवशी पत्नी दारात आडवी उभी राहिली.

"पारवा घरात न्हाय. घर ओस पडतंय."

"ओस पडायला घरात आहे काय?"

"तुमी हाव न्हवं," ती म्हणाली. "त्येवढंच हाय."

मग तिने टोपली माझ्या हातातून घेतली आणि चुलीजवळ उबेला ठेवली.

पिसे भरली, पण उडण्याची चिन्हे दिसेनात. अशात सोसायटीची वार्षिक सभा आली. टोपली माझ्या टेबलाखाली होती. मी अहवाल वाचत होतो. मध्येच घूं, घूं असा खोल आवाज सुरू झाला. सभा टेबलाकडे बघू लागली.

"पारवा घुमला," मागून कोणीतरी म्हणाले.

चेअरमन दचकून ताठ बसले. "करार म्हंजे करार. टाका भाईर."

शिपायाने टोपली उचलली. दाराशी बोका उठून उभा राहिला. तेवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी सभासद बोलली, "खाली ठीव रं ती टोपली. पारवा गप हाय. चेअरमन घुमत हुते."

"मी जागाच हुतो," चेअरमन म्हणाले.

"मग अव्हालात काय आलं, सांगा बरं."

सभेत हशा पिकला. टोपली खाली ठेवली गेली. चेअरमन उरलेली सभा डोळे ताणून बसले. कामकाजात एवढे लक्ष त्यांनी पूर्वी कधी घातले नव्हते.

पुढच्या आठवड्यात ते पाखरू टेबलावरून कपाटावर, कपाटावरून आढ्यावर आणि तिथून खिडकीबाहेर गेले. बोका कितीतरी दिवस आढ्याखाली बसून होता. संस्थेवर इतकी निष्ठा मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. संस्था पुढे बंद पडली, पण त्यात पारव्याचा हात नव्हता.

पाखरू उडाल्यावर काही आठवड्यांनी चेअरमनांनी मला घरी बोलावले.

"तुमचा पारवा आमच्या माळवदावर घुमाया लागलाय. घेऊन जा."

"माझाच कशावरून? पारवे काय थोडे आहेत?"

आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी मी त्यांच्याबरोबर शिडीने माळवदावर चढून मूठ मिटून पुढे केली. कठड्यावरचा एक पारवा उडाला, मनगटावर बसला आणि त्याने बोटांच्या फटीत चोच खुपसली. मूठ रिकामी होती. त्याने पुन्हा खुपसली.

"आता?" चेअरमन म्हणाले.

"घुमला की बाहेर, असा करार होता. तो बाहेरच आहे."

पारवा माझी बोटे उचकटत राहिला. शेवटी चेअरमनांनी खाली वाकून घरात हाक दिली.

"मिलो हाय का गं? आन जरा मूठभर. न्हाय तरी कोन खातंय त्यो."