‘पुरेल’ म्हणणारे नाना

कोपरा फाडलेलं कार्ड धारहून देवासला माझ्या हाती आलं, तेव्हा मी शाळेला निघालो होतो. आत काय असणार हे त्या कोपऱ्यानेच सांगितलं होतं, तरी वाचलं... माझे मामेभाऊ नाना गेले. वैशाखाच्या उन्हात एका विहिरीच्या काठावर बसल्या जागी कलंडले. महिना उलटला, पण मन अजून मानत नाही.

नाना धार दरबारात ओव्हरसियर होते. कोणती विहीर किती पाणी देईल हे सांगणं त्यांचं काम. जमिनीच्या पोटातलं दिसत नाही, म्हणून ते मोटा लावून विहीर उपसत आणि पाणी किती वेळात परत चढतं त्यावरून खालच्या खडकाचा अंदाज बांधत. सुटीत मी गेलो की मलाही काठावर बसवत. मी चुळबुळ केली की म्हणत, “मास्तर, प्रश्न विचारल्या विचारल्या छडी उगारतोस काय? विहिरीला जरा विचार करू दे.”

दुष्काळानंतर दरबाराने एका ओसाड माळावर नवा पुरा, म्हणजे छोटी वस्ती, वसवायचं ठरवलं. दिवाळीनंतर नानांनी तिथली विहीर उपसून पाहिली. पाणी भराभर चढलं. वरच्यांना एकच उत्तर हवं होतं. नानांनी ‘पुरेल’ असं लिहून दिलं. माणसं गुरंढोरं घेऊन राहायला आली. चैत्र सरता सरता विहिरीने तळ दाखवला. लोक नाल्यातल्या डबक्याचं पाणी प्यायले, पटकी आली आणि कितीतरी घरांना कुलूप लावायलाही कुणी उरलं नाही.

पाणी खडकाच्या खोल भेगेतून येतं की पावसाने भिजलेल्या वरच्या मुरमातून, हे एका उपशात कळत नाही. दोन्ही सारखंच चढतं. मुरमातलं मात्र उन्हाळ्यात संपतं. “दोन उत्तरं होती रे,” नाना मला म्हणाले, “मी मला आवडलं ते घेतलं...”

पुढे ते भर उन्हाळ्यातच विहिरी उपसू लागले, शेजारच्या विहिरींचं पाणी उतरतं का तेही पाहू लागले. उत्तर देताना ‘इतकं तरी मिळेल, याहून जास्त नाही’ अशी दोन टोकं सांगत. वरचे वैतागले, बढती राहिली. मला त्यांचा राग येई. माणसाने स्वतःला किती सोलायचं? त्याच पुऱ्यात त्यांनी दुसरी विहीर खोदवली. ती आटली नाही, पण त्याने नानांचा चेहरा काही उजळला नाही.

तेराव्याला त्या पुऱ्यातली जमनाबाई आली. पटकीत तिचे दोन्ही मुलगे गेले होते. हातात त्या दुसऱ्या विहिरीच्या पाण्याचा लोटा. ती अंगणातच थांबली आणि नानांच्या बायकोला, आमच्या वहिनींना म्हणाली, “बई, नानासाब नवा कुआ पे रोज आता, बैठता, पण पाणी कदी नी पियो. लोग केता, बामण हे. म्हूँ जाणूँ, क्यों नी पियो.”

पंगतीतली माणसं पाहत राहिली. वहिनी सोवळ्यात होत्या. त्यांनी पायरी उतरून तिच्या हातचा लोटा घेतला आणि सगळ्यांदेखत तोंडाला लावला. पदराने ओठ पुसले.

“गोड आहे गं,” त्या म्हणाल्या. “त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.”