मराठीत सांगितलेला भाव

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या एका इस्पितळाला चादरी आणि पेशंटचे गाउन मी वर्षानुवर्षं शिवून दिले. तिथले खरेदी अधिकारी मराठी, गोरखी वाड्याजवळच्या गणपतीत आरतीला शेजारी उभे राहणारे. मी त्यांना दादा म्हणायची. त्यांच्या खोलीत दुसरे, मराठी न कळणारे पुरवठादार बसलेले असले की आम्ही भावाची घासाघीस मराठीत करायचो. ग्वाल्हेरात आपलं गुपित हे असं असतं, चारचौघांत मोठ्यानं बोललेलं.

मग खरेदी पोर्टलवर गेली. आता म्हणे उलटा लिलाव. खरेदीदार एक किंमत लावणार, आम्ही घरबसल्या ती खाली खाली न्यायची, आणि सगळ्यात स्वस्त देईल त्याला काम. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दादांनी चहा मागवला आणि सहज विचारलं, "अगं, अगदी शेवटचं कुठवर येशील? मला ठाऊक असलं म्हणजे तुला सांभाळून घेता येईल."

सांगितलं की मी! नवऱ्यालाही कधी न सांगितलेला आकडा त्यांना सांगितला, का तर त्यांनी मराठीत विचारला.

लिलावाच्या सकाळी शिलाईच्या खोलीतच संगणक उघडला. बायका मशिनी थांबवून मागे उभ्या राहिल्या. हे काम गेलं तर मशिनी बंद, हे त्यांनाही माहीत होतं. पडद्यावर सुरुवातीची किंमत आली. तो माझाच शेवटचा भाव होता, जसाच्या तसा. मला खाली यायला जागाच उरली नव्हती. बाहेरगावच्या कुणा मोठ्या कारखान्याला होती. बघता बघता काम त्याच्याकडे गेलं.

मी तिथूनच फोन लावला. दादा हिंदीत बोलले.

"देखिए मैडम, हमें तो अस्पताल का फ़ायदा देखना पड़ता है. जो है, पोर्टल पर है."

नियमानं त्यांचं काही चुकलं नसेलही. केसानं गळा कापायला नियम कुठे आड येतो? संताप तर झालाच, पण त्या 'मैडम'नं मला रडू आलं.

मी डोळे पुसत होते. आमच्यातली सगळ्यात जुनी शिवणारी बाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "दीदी, वो तो आपके अपने थे न?"

"अपने थे," मी म्हटलं, "तभी तो रेट पता था."