बाईमाणसाची शीळ

मी माझ्या आजारी नवऱ्याच्या हातावर चापट मारली, तो गुरुवार होता. ही गोष्ट आजवर मी कुणाला सांगितलेली नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. पण पुढे जे घडलं ते सांगायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. मऊ भाताची वाटी यांनी त्या सकाळी तिसऱ्यांदा कलंडवली होती. पक्षाघाताला आठ महिने झाले होते. लुळी पडलेली उजवी बाजू काठीच्या आधाराने चार पावलं टाकण्याइतकी सुधारली, पण वाचा गेली ती गेलीच. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी पोरालाही पाढे विचारणारा हा बोलघेवडा माणूस. आता तोंडातून फक्त एक बारीकसा ‘अं’ निघायचा. भूक लागली तरी अं, दुखलं तरी अं. वाटी पडली आणि माझा हात उठला. चापट जोरात नव्हती. पण यांनी माझ्याकडे पाहिलं ते रागाने नाही, चूक केलेलं मूल पाहतं तसं पाहिलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लग्न झाल्यापासून मी दत्तमहाराजांचा गुरुवार करते. त्या संध्याकाळी दिवा लावायला उभी राहिले आणि हात जोडलेच जाईनात. मी मूळची फटकळ. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढली, अनोळखी माणसांना खडसावण्यात हयात गेली, तिथे देवाची काय भीड! मी तसबिरीसमोर स्पष्ट सांगितलं, की महाराज, माझ्या हातून हे घडू दिलंत ना, आता तुमचं माझं बोलणं बंद. पोथी फडक्यात बांधली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिली. देवाशी अबोला धरला की माणूस आणखीच एकटं पडतं, हे तेव्हा कळलं नाही. यांची माफी मागायची तेवढी राहूनच गेली. रोज वाटायचं आज बोलू, आणि रोज जीभ टाळ्याला चिकटायची.

माझी अवस्था पाहून धाकट्या जावेने खटपट केली आणि मुळशीत रिहे गावी एका शेतकऱ्याच्या घरामागच्या दोन खोल्या महिन्याच्या बोलीने मिळवून दिल्या. शनिवार-रविवारी पुण्याहून माणसं येतात म्हणून बांधलेल्या खोल्या. भर पावसात महिनाभर कोण राहणार, म्हणून रिकाम्या होत्या. श्रावण लागला होता. पुढे भाताची खाचरं, मागे डोंगर, मध्ये ओढा, आणि करमणूक काय तर बेडूक. पहिले चार दिवस मी जावेच्या नावाने बोटं मोडली. मालकीण इंदूबाई मात्र लाख माणूस. पन्नाशीची, काटक, दिवसभर हाताला काम आणि तोंडाला चाळा. आल्या दिवशीच यांच्यासमोर बसून म्हणाली, “बाबा, तुमी बोलू नका. मी हाय की दोगांचं बोलाया.” हे हसले. आठ महिन्यांत मी ते हसू पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला इंदूबाईचा हेवा वाटला.

पाचव्या दिवशी पहाटे ओढ्याकडून कुणीतरी शीळ घालत होतं. चाल धड नव्हती. दोन सूर पुढे जायचे, मग विसरल्यासारखे थांबायचे, मग भलतीकडेच वळायचे. हा कोण रिकामटेकडा झोपमोड करतोय म्हणून मी चिडून इंदूबाईला विचारलं, तर ती खळखळून हसली. “आवं ताई, मानूस न्हाई, पाखरू हाय त्ये. कस्तुर. पावसाळाभर असंच नाद लावतंय.” मला खरंच वाटेना. दुसऱ्या दिवशी यांना ओट्यावरच्या खुर्चीत बसवून, हातात कोमट चहाचा पेला देऊन, मी छत्री घेतली आणि ओढ्यापर्यंत गेले. पाखरू काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पण एका खडकावर मी बसून राहायला लागले. डोळे पाण्यावर, कान पलीकडच्या काठावर. टेलिफोनवर कान लावून आयुष्य गेलं माझं, पण त्या ऐकण्यात समोरच्याचं बोलणं कधी एकदा संपतंय अशी घाई असायची. इथे संपण्याची वाट पाहायचीच नव्हती. सातव्या की आठव्या दिवशी ते दिसलं. काळंभोर, साळुंकीहून मोठं, भिजलेल्या दगडावर बसलेलं. मान वळवली तसा कपाळावरचा निळा पट्टा चमकला. मी श्वास धरून बसले होते. ते उडून गेल्यावर लक्षात आलं, की तेवढा वेळ मी ना यांची काळजी केली, ना स्वतःला शिव्या दिल्या. पंधरा मिनिटं असतील. आठ महिन्यांतली पहिली पंधरा मिनिटं.

आता एक गंमत सांगायला हवी. लहानपणी मला शीळ फार सुंदर यायची. कुठलीही चाल एकदा ऐकली की ओठांवर. आमच्या चाळीतली पोरं माझ्याकडून शिकून जायची. बारा वर्षांची असताना जिन्यात बसून रंगात आले होते, तर आईने येऊन फाडकन कानाखाली दिली. मुलीच्या जातीने शीळ घालायची नाही, घरात साप येतात. त्यानंतर मी ओठांचा चंबू म्हणून केला नाही, केला तो चहा फुंकण्यापुरताच. लग्नाला अडतीस वर्षं झाली. माझी ही एक गोष्ट यांनाही ठाऊक नव्हती. आणि त्या दिवशी ओढ्याकाठी त्या पाखराने सूर अर्धवट सोडला, तसा तो पुरा करायला माझे ओठ आपोआप पुढे आले. नुसती हवा निघाली! फुस्स. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग नादच लागला. रोज पहाटे यांना चहा दिला की मी खडकावर. आधी हवा, मग एक सूर, मग दोन. आठवड्याभरात ओठ वळले. आणि घातली कुठली चाल, तर आई पहाटे देवाला जागं करायला म्हणायची त्या भूपाळीची. मी ठरवून नाही हो घातली. महाराजांचं नाव तोंडात घ्यायचं नाही असा माझा हट्ट होता, आणि तो मी मोडलाही नव्हता, कारण शिळेत नाव कुठे असतं? शब्दच नसतात. नुसता सूर आणि श्वास. पण त्या दिवशी परत येताना माझ्या छातीवरचा दगड सरकल्यासारखा वाटला खरा. भात भरवताना वाटी कलंडली तरी मी दुसरी वाढून घ्यायला लागले. दत्तमहाराजांनी चोवीस गुरू केले, त्यांत पाखरंसुद्धा होती, हे लहानपणापासून ऐकत आले होते. तेव्हा ते गोष्टीपुरतं वाटायचं. इंदूबाईने एकदा मला पकडलंच. मी चपापून आईचं ते सापाचं सांगितलं, तर म्हणाली, “साप यायाचा आसंल तर न बोलवता बी येतोय हितं. काल चुलीमागं हुता. घाला तुमी खुशाल.”

त्यानंतरच्या आठवड्यात एक दिवस असं धुकं उतरलं की ओट्यावरून अंगण दिसेना. इंदूबाई आणि तिचा नवरा उजाडायच्या आत पौडला गेले होते, तहसील कचेरीत काम होतं. मी यांना नेहमीसारखं खुर्चीत बसवलं, शाल घातली आणि ओढ्यावर गेले. त्या दिवशी कस्तुर जवळच कुठेतरी होतं, म्हणून जरा जास्त थांबले. परत आले तर खुर्ची रिकामी. शाल खाली पडलेली, काठी नाही. आधी मोरीत पाहिलं, खोल्यांत पाहिलं, गोठ्यात पाहिलं. घराच्या डाव्या हाताला खाचरांचे निसरडे बांध होते, त्यापलीकडे बिनकठड्याची विहीर, आणि ओढा तर दुथडी भरून वाहत होता. मी “अहो, अहो” करत धावत सुटले. अडतीस वर्षांत यांना नावाने हाक मारली नव्हती, ती त्या दिवशी मारली, घसा फाटेपर्यंत मारली. आणि हाक मारता मारताच डोक्यात आलं, की बाई गं, तू कुणाला ओरडतेयस? ते ऐकतील, पण ओ कुठून देणार? त्यांचा तो ‘अं’ दोन हातांवर पोचत नाही. मी बांधावर मटकन बसले. तोंडातून निघालं, “महाराज, चुकले हो. अबोला माझा होता, त्यांना का शिक्षा?”

तेव्हा बांधावरून एक म्हातारा येताना दिसला. खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर, गुडघ्यापर्यंत चिखल. “काय गं बाय, कुणाला हुडकतीस?” म्हणाला. मी रडत रडत सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “हाका मारून काय व्हायाचं न्हाई. धुक्यात हाक भिजतीया, कुटनं आली त्येच कळत न्हाई. आमी गुरं हुडकताना शीळ घालायचो. शीळ सरळ जाती.” मी म्हटलं, मग घाला ना बाबा, पाया पडते. तर त्याने तोंड उघडून दाखवलं. एकही दात नव्हता. “माजं दात गेलं गं. तुला येती का?”

पन्नास वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, येते.

मी ओठ पुढे केले. पहिल्यांदा नुसतीच हवा. दुसऱ्यांदा सूर लागला, आणि मी त्या भूपाळीची पहिली ओळ घातली, जिवाच्या आकांताने, सगळ्या खोऱ्यात जाईल अशी. थांबले. काही नाही. पुन्हा घातली. पलीकडून कस्तुर बोललं असं वाटलं. पण कस्तुर असं फाटक्या सुरात बोलत नाही. दोनच सूर होते, अर्धे वाऱ्याचे, लहान मुलाने फुंकावेत तसे. मी पुन्हा घातली. पुन्हा तेच दोन सूर आले, ओढ्याच्या अंगाने, माझ्या खडकाच्या दिशेने. मी घालत गेले, ते येत गेले, आणि त्या धाग्याला धरून मी बांधाबांधाने चालत पोचले.

हे एका झाडाच्या बुंध्याला टेकून बसले होते. चिखलाने माखलेला पायजमा, काठी मांडीवर, ओठांचा चंबू केलेला. उजव्या बाजूने थोडी हवा गळत होती, पण शीळ वाजत होती. खुर्चीपासून ते झाड सव्वाशे पावलं. मी मागाहून मोजली. आठ महिन्यांत हे वीस पावलांच्या वर चालले नव्हते. तेव्हा मला उमगलं, की रोज पहाटे ओट्यावर बसून हे माझी शीळ ऐकत होते. त्या दिवशी मला यायला उशीर झाला, तर हे मला शोधायला निघाले होते, आणि धुक्यात आमची चुकामूक झाली होती. मी यांना नाही, हे मला. झाड उंबराचं होतं. त्यावर मी काही म्हणत नाही. ओढ्याकाठी उंबरच असायचे. पण मी त्या बुंध्यावर डोकं टेकवलं हे खरं.

मागे वळून पाहिलं तर म्हातारा नव्हता. इंदूबाईला पुढे विचारलं, तर म्हणाली, “खालच्या वाडीतला आसंल कुनी. भात बगाया येत्यात म्हातारी मानसं.” असेलही. मी वाडीवर दोनदा जाऊन आले, भेट झाली नाही. ज्याने मला विचारलं त्याला माझा नमस्कार पोचला असेल, एवढं मी धरून चालते.

त्या झाडाखाली मी यांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. म्हटलं, “अहो, त्या गुरुवारी मी तुम्हाला मारलं. माझं चुकलं. फार चुकलं.” आणि ढसाढसा रडले. यांनी हात सोडवून घेतला. वाटलं, माफी नाही मिळायची. पण तोच हात, भाताचा घास धड न धरू शकणारा, हळूहळू वर आला आणि दोन बोटं माझ्या ओठांना लागली. मग स्वतःच्या ओठांचा चंबू करून दाखवला. पुन्हा घाल, म्हणत होते. रडताना शीळ येत नाही हो. तरी घातली.

दिवाळी उलटली, तरी आम्ही अजून रिह्यातच आहोत. वाचा परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि मीही आता महाराजांना तसं काही घालत नाही साकडं. मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे सगळे उपाय थकले की हात टेकणं. तसं नसतं. हाक आपण मारायची, आणि ओ कुठल्या रूपाने यावी हे त्याच्यावर सोडायचं. आपण शब्दांची वाट पाहत बसतो आणि तो बिचारा सूर पाठवत असतो. मला दिलेलं मी आईच्या एका थपडेला भिऊन अर्धं आयुष्य झाकून ठेवलं, आणि त्याने ते नेमक्या गरजेच्या वेळी माझ्याकडूनच मागून घेतलं. किती उपकार मानावेत!

आज पहाटे यांनी माझ्याआधी शीळ घातली. भूपाळीची ओळ दुसऱ्याच सुरावर घसरली. मी आयुष्यभर सगळ्यांच्या चुका काढत आले, आणि या बाबतीत तर मी तयारीची. मी चहाचा पेला बाजूला ठेवला आणि यांच्या चुकीच्या सुरात सूर मिळवला.