हौदातले मासे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

उमरग्याच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून आमचं गाव. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. गावच्याच शाळेत विज्ञान शिकवतो. ज्या गावानं मला सर म्हटलं त्याचं आपण काही देणं लागतो, असं मनापासून वाटायचं. म्हणून त्या उन्हाळ्यात आरोग्य सेविका गप्पी मासे घेऊन आल्या, तेव्हा मीही दारोदार सांगत फिरलो. नळ आठवड्याला एकदा येतो, म्हणून आपण पाणी साठवतो. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. मासे त्यांच्या अळ्या खातात. लोकांनी ऐकलं. शेजारच्या रहीमभाईंनी तर माझ्या शब्दावर घरातल्या प्रत्येक बॅरलमध्ये मासे सोडले.

आणि माझ्या घरी?

आम्ही लिंगायत. अव्वा, म्हणजे माझी आई, हौदातल्या पाण्यानंच रोज इष्टलिंगाची पूजा करते. ती एवढंच म्हणाली, "लिंगाला माशाचं पाणी घालू व्हय रे?" मी वाद घातला नाही. हौद रिकामा करून घासता आला असता — पण मग आठवडाभर पाणी कुठलं? घट्ट झाकण तरी करून घ्यायचं. तेही राहिलं. आमच्या वाटणीचे मासे मी जनावरांच्या टाकीत ओतले. सेविका तपासायला आल्या, तेव्हा दारातच सांगितलं — सोडलेत. त्या हसून पुढं गेल्या. सरांचं घर कोण तपासणार?

मग गावात ताप आला. रहीमभाईंची यास्मिन, माझ्याच वर्गातली, उमरग्याच्या दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही.

गाव संशयानं बघायला लागलं. रहीमभाईंचं पंक्चरचं दुकान, बाहेर पत्र्याखाली जुन्या टायरांचा ढीग. टायरांत डास होतात हे सगळ्यांनी ऐकलेलं — माझ्याच तोंडून. दुकानापुढून जाताना बाया पदर नाकाला लावायला लागल्या. आणि मी? माझ्या हौदाकडं कुणी बघतंय का, एवढंच बघत होतो. अव्वा पूजेचं पाणी काढायला हौदाकडं गेली तरी वाटायचं, हिला कळलंय. एका सकाळी हौदावरचं सैल झाकण सरकवलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

त्यातलाच डास यास्मिनला चावला, हे मला सिद्ध करता येणार नाही. या शंकेच्या आड मी पुष्कळ दिवस लपलो.

रहीमभाई घरी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सर, तुमी शिकल्यालं मानूस. खरं सांगा — माज्या टायरांनीच गेली का वो पोरगी?"

भर उन्हाळा. पावसाचा थेंब नाही. पत्र्याखालच्या टायरांत पाणी येणार कुठून? मला हे ठाऊक होतं. त्यांच्या न्हाणीची भिंत आणि माझा हौद पाठीला पाठ लावून आहेत, हेही.

मी म्हणालो, त्यानंच असेल.

नाही — 'असेल' म्हणालो नाही. तेवढीही जागा ठेवली नाही. "व्हय रहीमभाई, त्यानंच," असं म्हणालो.

त्यांनी दुकान बंद केलं. आता दर उन्हाळ्यात सेविकांबरोबर आम्ही दोघं फिरतो. ते आपणहून येतात. प्रत्येक दारात ते सांगतात, माझ्या चुकीनं माझी पोरगी गेली, तुम्ही तसं करू नका. बाया डोळे पुसतात. मग खात्रीसाठी सगळे माझ्याकडं बघतात.

मी मान डोलावतो.